बांधकामस्थळावरील मृदाधूप आणि गाळ नियंत्रण

बांधकामस्थळावरील मृदाधूप आणि गाळ नियंत्रण म्हणजे इमारत, रस्ता, लोहमार्ग किंवा भूखंडविकास यांसाठी जमीन उघडी केली असता तेथील माती पावसाने वाहून जाऊ नये, आणि जी सुटेल ती कामाच्या हद्दीबाहेर ओढ्यानाल्यांत जाऊ नये, यासाठी योजलेले उपाय होत. या उपायांचे दोन वर्ग पडतात. मातीचा कण जागेवरून सुटूच न देणे हे धूप नियंत्रण. सुटलेला कण वाटेत अडवणे हे गाळ नियंत्रण. बोलताना हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिले काम तुलनेने स्वस्त आणि खात्रीचे असते. दुसरे खर्चिक असून बारीक मातीच्या बाबतीत पुष्कळदा अपुरे पडते.

शेतजमिनीच्या धुपीविषयी महाराष्ट्रात दीर्घकाळ काम झाले आहे. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम १९४२ साली झाला. पुढे बांधबंदिस्ती, सलग समतल चर, अनगड दगडी बांध आणि ‘माथा ते पायथा’ हे पाणलोट विकासाचे सूत्र गावोगावी परिचित झाले. बांधकामाच्या जागेकडे मात्र या दृष्टीने फारसे पाहिले गेले नाही. वास्तविक शेतातील माती वर्षातून काही आठवडे उघडी असते, तर बांधकामाची जमीन दोन-तीन पावसाळे सलग उघडी राहू शकते. शिवाय तेथे वरचा सुपीक थर काढलेला असतो आणि यंत्रांच्या वजनाने जमीन घट्ट झालेली असते, त्यामुळे पाणी मुरण्याऐवजी वाहते.

धुपीची क्रिया

धुपीची सुरुवात वाहत्या पाण्याने होते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती पावसाच्या थेंबापासून होते. पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीवर सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळतो. त्या आघाताने मातीची ढेकळे फुटतात, कण उडतात आणि बारीक कण जमिनीच्या छिद्रांत बसून पृष्ठभागावर पापुद्रा धरतो. अमेरिकेतील मृदासंधारण तज्ज्ञ डब्ल्यू. डी. एलिसन यांनी १९४०च्या दशकात थेंबांच्या आघाताचे प्रयोग करून हे स्पष्ट केले. पापुद्रा धरला की पाणी मुरणे मंदावते आणि उताराने वाहू लागते. पातळ थराने माती निघते तिला सालकाढी धूप म्हणतात. हेच पाणी एकवटले की बोटभर रुंदीचे ओघळ पडतात (ओघळपाडी धूप), आणि ओघळ वेळीच बुजवले नाहीत तर त्यांच्या घळी होतात (घळपाडी धूप).

सालकाढी धूप डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून तिचे गांभीर्य लक्षात येत नाही. एक हेक्टर जमिनीवरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तरी १० घनमीटर, म्हणजे सुमारे १४ टन माती गेलेली असते. जमिनीकडे पाहून ते ओळखता येत नाही. ओळखू येते ते खालच्या बाजूच्या गटारात.

किती माती जाईल याचा अंदाज बांधण्यासाठी वॉल्टर विशमायर आणि ड्वाइट स्मिथ यांचे ‘सार्वत्रिक मृदाहानी समीकरण’ जगभर वापरले जाते. अमेरिकेच्या कृषी विभागाने ते १९६५ मध्ये पुस्तिकारूपाने आणि १९७८ मध्ये सुधारून प्रसिद्ध केले. पावसाची धूपक्षमता, मातीची धूपप्रवणता, उताराची लांबी व तीव्रता, आच्छादन आणि संधारणाचे उपाय यांचा हा गुणाकार आहे. हे समीकरण शेतीच्या सौम्य उतारांसाठी बांधले गेले. डोंगर कापून केलेल्या उभ्या कड्याला ते जसेच्या तसे लावता येत नाही. तरीही कोणत्या गोष्टीचा परिणाम किती, हे त्यावरून नेमके कळते. उतार १० टक्क्यांवरून २० टक्के झाला तर धूप दुपटीने नव्हे, सुमारे तिपटीने वाढते. उघड्या जमिनीचा आच्छादन-गुणांक १ मानला, तर दाट गवताखालील जमिनीचा तो ०.०१ किंवा त्याहूनही कमी असतो. पाऊस, माती आणि बहुधा उतारही बांधकाम करणाऱ्याच्या हाती नसतो. आच्छादन मात्र त्याच्या हाती असते, आणि गुणाकारात सर्वांत मोठा फरक तेच घडवते.

अभ्यासाचा इतिहास

नागरीकरण आणि गाळ यांचा संबंध आकड्यांनिशी प्रथम ठळकपणे मांडला गेला तो अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्या भोवती उपनगरे झपाट्याने वाढत होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील भूरूपशास्त्रज्ञ एम. गॉर्डन वोल्मन आणि ॲशर शिक यांनी १९६७ मध्ये तेथील प्रवाहांतील गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जंगल किंवा शेतीच्या क्षेत्रातून वर्षाला दर चौरस मैलामागे २०० ते ५०० टन गाळ येत असे. बांधकाम चालू असलेल्या क्षेत्रांतून तो एक हजारापासून एक लाख टनांहून अधिकपर्यंत आढळला.

त्याच वर्षी वोल्मन यांनी एक चक्र मांडले. जंगल असताना प्रवाहात गाळ थोडा असतो. शेती आल्यावर वाढतो. बांधकामाच्या थोड्या वर्षांत एकदम शिखर गाठतो. आणि रस्ते, छपरे व फरशा झाल्यावर पुन्हा खाली येतो. परंतु तोवर ओढ्याचे पात्र गाळाने उथळ झालेले असते आणि फरशीबंद शहराचे पाणी पूर्वीपेक्षा वेगाने येऊन त्याचे काठ कापू लागते. बांधकाम तात्पुरते असले तरी त्याचे परिणाम तात्पुरते नसतात, हे या मांडणीतून पुढे आले. मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीने १९६५ मध्ये गाळ नियंत्रणाचे नियम केले आणि १९७० मध्ये संपूर्ण राज्यासाठी कायदा झाला.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात वर्षभराच्या पावसाचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यातही तो अनेकदा थोड्या तासांत कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. असा पाऊस उघड्या उतारावर पडला तर बहुतेक तात्पुरते उपाय निकामी होतात.

मातीचे दोन प्रकार विशेष त्रासदायक आहेत. देशावरील काळी माती अत्यंत बारीक कणांची असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ओली झाली की ती फुगून पाणी मुरू देत नाही. कोकणात वरचा जांभा कठीण असतो, परंतु त्याच्याखाली अनेक ठिकाणी मऊ, पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर असतो. रस्त्यासाठी डोंगर कापला की हा थर उघडा पडतो, पावसाने पोखरला जातो आणि वरच्या जांभ्याचा आधार जाऊन दरड येते. कोकण रेल्वेला मार्ग सुरू झाल्यानंतरही वर्षानुवर्षे उतार कमी करणे, जाळ्या लावणे आणि गवत लावणे अशी कामे करावी लागली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात चिपळूणजवळचा परशुराम घाट २०२२ मध्ये दिवसाचे काही तास वाहतुकीस बंद ठेवावा लागला होता.

जून २०१३ मध्ये पुणे-सातारा महामार्गावर कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडी परिसरात पहिल्याच मोठ्या पावसात डोंगरावरून आलेल्या पाण्याच्या व चिखलाच्या लोंढ्यात एक महिला आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. डोंगरफोड आणि ओढ्याच्या नैसर्गिक वाटेत टाकलेला भराव ही कारणे त्यानंतर चर्चेत आली. या घटनेचे वैशिष्ट्य असे की पुराचे ठिकाण नदीकाठी नव्हते. ज्या वाटेने पाणी पूर्वीपासून जात होते ती बुजली, तर पाणी दुसरी वाट काढते आणि सोबत सैल मातीही नेते.

याचे रोजचे, कमी नाट्यमय रूप म्हणजे शहरांतील पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई. दरवर्षी मोठा खर्च करून उपसल्या जाणाऱ्या गाळात कचरा व सांडपाण्याचा वाटा असतोच, पण बांधकामांवरून आलेली माती, रेती आणि खडीही त्यात असते. नाल्यातून माती उपसण्याचा खर्च पालिका करते आणि ती साइटवर रोखण्याचा खर्च विकसकाला करावा लागला असता. त्यामुळे रोखण्याची निकड ज्याला वाटायला हवी त्याला ती वाटत नाही.

धूप नियंत्रणाचे उपाय

सर्वांत परिणामकारक उपायाला यंत्र लागत नाही, कामाचे वेळापत्रक लागते. पाऊस ठरावीक महिन्यांत येणाऱ्या प्रदेशात खोदाई व भराव पावसाळ्यानंतर सुरू करून मे महिन्याच्या आत उतार बंदिस्त करणे शक्य असते. निदान एका वेळी सगळा डोंगर उघडा न करता टप्प्याटप्प्याने करावा: जेवढ्या भागावर पुढील काही आठवड्यांत काम होणार असेल तेवढ्याच भागातील गवत-झुडपे काढावीत. व्यवहारात याच्या नेमके उलट घडते. पोकलेन आणि डंपर भाड्याने आलेले असतात, म्हणून एकदाच संपूर्ण भूखंड सपाट केला जातो आणि मग परवानगी किंवा पैसा अडला की तो तसाच पडून राहतो.

दुसरी पायरी वरच्या पाण्याची. साइटच्या डोंगराकडील बाजूने चर खणून, वरून येणारे स्वच्छ पाणी उघड्या जमिनीवर येऊ न देता बाजूने नैसर्गिक ओढ्यात सोडतात. या चराला फार उतार दिल्यास तोच धुपतो. म्हणून तो समतल रेषेला जवळपास समांतर ठेवतात आणि जेथे तीव्र उताराने खाली आणावा लागतो तेथे दगड बसवतात. पाणलोट क्षेत्राच्या कामाचा अनुभव असलेला गावातील माणूस हे काम सहज समजतो.

त्यानंतर आच्छादन. काम काही काळ थांबणार असेल तर पेंढा, वाळलेले गवत, पालापाचोळा किंवा नारळाच्या काथ्याच्या जाळ्या पसरतात. थेंबाचा मार आच्छादन सोसते आणि माती वाचते. कोकणात मातीच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी झापांचा आडोसा करण्याची जी पद्धत होती, तिच्यामागे हेच तत्त्व आहे. काथ्याच्या विणलेल्या जाळीला भारतीय मानक ब्यूरोने ‘भूवस्त्र’ हा शब्द स्वीकारला असून त्यासाठी आयएस १५८६९ : २००८ हे मानक आहे. भूवस्त्र उतारावर नुसते अंथरून भागत नाही. वरचे टोक चरात पुरावे लागते, खुंट्यांनी जागोजागी जखडावे लागते आणि ते मातीला सर्वत्र चिकटलेले असावे लागते. अन्यथा पाणी त्याच्या खालून वाहते आणि वरून सारे ठीक दिसत असताना आत ओघळ पडतात. काथ्या काही वर्षांत कुजतो आणि ते इष्टच असते, कारण तोवर गवताने जागा घेतलेली असावी.

वनस्पतींमध्ये वाळा या गवताला विशेष स्थान आहे. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, अनुकूल जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंतही. दाट ओळीत लावलेला वाळा पाण्याचा वेग मोडतो आणि त्याच्यामागे माती साचून आपोआप पायरी तयार होते. कर्नाटकातील गुंडलुपेट भागातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळा लावत आले आहेत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेचे जॉन ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी भारतात काम करताना या गवताचा पुरस्कार केला, आणि तेथून त्याचा वापर इतर अनेक देशांत पोहोचला. वाळा लावला म्हणजे दरड थांबली असे मात्र नाही. मुळांच्या खोलीपलीकडून सरकणारा उतार गवताने थांबत नाही. तेथे उतार कमी करणे, पायऱ्या पाडणे, संरक्षक भिंत किंवा गॅबियन बांधणे आणि आतील पाण्याचा निचरा करणे हेच उपाय उरतात. संरक्षक भिंतीतील पाणी बाहेर येण्याची छिद्रे बुजली तर भिंतीमागे पाणी साचते आणि मजबूत दिसणारी भिंतही कोसळू शकते.

काढलेली वरची माती फेकून न देता वेगळी रचून, झाकून ठेवतात. शेवटी तीच उतारावर पसरली की गवत लवकर धरते. मुरुमावर किंवा उघड्या खडकावर ते धरत नाही.

गाळ नियंत्रणाचे उपाय

सुटलेली माती अडवण्याचे बहुतेक उपाय एकाच गोष्टीवर अवलंबून असतात: पाणी संथ करावे आणि गाळ तळाशी बसू द्यावा. ही पद्धत कोठवर चालते हे कणाच्या आकारावर ठरते. एक मीटर खोल स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण तळाशी बसण्यास सुमारे दोन मिनिटे लागतात. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला सुमारे तीन तास लागतात. ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तेच अंतर कापण्यास तेरा दिवस लागतात, तेही पाणी अजिबात हलले नाही तर. कण दहापट लहान झाला की वेळ शंभरपट वाढतो. काळ्या मातीच्या साइटवर कितीही मोठा खड्डा खणला तरी बाहेर पडणारे पाणी गढूळच का असते, याचे उत्तर या हिशेबात आहे. म्हणूनच गाळ नियंत्रण हा धूप नियंत्रणाला पर्याय ठरत नाही.

गाळरोधक कुंपण हा सर्वाधिक दिसणारा उपाय. खांबांना विणीचे भूवस्त्र ताणून बांधतात आणि त्याची खालची कड सुमारे १५ सेंटिमीटर खोल चरात पुरून माती दाबतात. कुंपण समतल रेषेवर असावे आणि त्याची टोके उताराच्या वरच्या बाजूस वळवावीत, म्हणजे पाणी कडेने निसटत नाही. ३० मीटर कुंपणामागे साधारण ०.१ हेक्टरपेक्षा अधिक क्षेत्राचे पाणी येऊ नये. ओढ्यात आडवे कुंपण घालणे निरर्थक असते, ते पहिल्या लोंढ्यात जाते. अडलेला गाळ निम्म्या उंचीपर्यंत येण्याआधी काढावा लागतो. आपल्याकडे साइटभोवती बांबूला बांधलेली हिरवी शेडनेट अनेकदा याच नावाने दाखवली जाते. ती धुळीसाठी आणि आडोशासाठी असते. खालची कड जमिनीत पुरलेली नसल्याने चिखल तिच्याखालून निर्वेध जातो.

मोठ्या जागेवर निवळतळे खणतात. अमेरिकेतील प्रचलित निकषानुसार पाणी येणाऱ्या क्षेत्रावर एक इंच पाऊस पडला तर जेवढे पाणी होईल तेवढी, म्हणजे दर हेक्टरी सुमारे २५० घनमीटर क्षमता ठेवतात. पाणी तळाशी न काढता पृष्ठभागावरून काढले तर ते अधिक स्वच्छ निघते. तळे लांबट असावे. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तोंडे जवळजवळ असली तर पाणी न थांबताच निघून जाते. अतिबारीक माती बसवण्यासाठी कण एकत्र आणणारी द्रव्ये वापरतात. तुरटी आणि निवळीच्या बिया यांचा घरगुती उपयोग याच तत्त्वावर होत असे. आधुनिक साइटवर तुरटी किंवा बहुलक द्रव्ये मोजून दिली जातात. मात्रा चुकल्यास ती ओढ्यातील जीवांना अपायकारक ठरतात, त्यामुळे हा उपाय जाणकाराच्या देखरेखीवाचून करू नये.

चरांमध्ये अंतराअंतरावर लहान दगडी बांध घालतात. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत येईल असे अंतर ठेवतात आणि बांधाचा मध्य कडांपेक्षा खोलगट ठेवतात, नाहीतर पाणी कडेने वाट काढून काठ कापते. गटारांच्या तोंडाशी खडीच्या पिशव्या लावतात.

वाहनांच्या चाकांना लागून बाहेर जाणारा चिखल हा गाळाचा दुर्लक्षित मार्ग आहे. त्यासाठी फाटकाशी किमान १५ मीटर लांब जाड खडीचा पट्टा आणि चाके धुण्याची सोय करतात. बृहन्मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये हवेतील धुळीसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत चाके धुणे बंधनकारक केले. हेतू हिवाळ्यातील धुळीचा असला तरी तीच सोय पावसाळ्यात चालू ठेवली तर रस्त्यावरचा चिखलही कमी होतो.

देखभाल

हे सारे उपाय तात्पुरते आणि नाजूक असतात. अमेरिकेतील परवान्यानुसार दर सात दिवसांनी, किंवा दर चौदा दिवसांनी व पाव इंचाहून अधिक पाऊस झाल्यावर चोवीस तासांत, पाहणी करून नोंद ठेवावी लागते. कोसळलेले कुंपण तसेच ठेवणे हे कुंपण नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते, कारण अडलेले पाणी एकाच फटीतून जोराने निघते आणि नवी घळ पाडते.

कायदेशीर तरतुदी

अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यात १९८७ मध्ये सुधारणा झाल्यानंतर बांधकामांचे पावसाळी पाणी परवान्याखाली आले. प्रथम पाच एकर आणि त्याहून मोठ्या, आणि २००३ पासून एक एकर आणि त्याहून मोठ्या जागांना हा नियम लागू झाला. चौदा दिवस किंवा अधिक काळ काम थांबणार असेल तर ती जमीन स्थिर करण्यास तत्काळ सुरुवात करावी लागते.

भारतात या विषयाला वाहिलेला स्वतंत्र कायदा नाही. तरतुदी विखुरलेल्या आहेत. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि तिच्या अटींत वरच्या मातीचे जतन येते. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ५६ ही संहिता रस्त्यांचे भराव व उतार यांच्या धूप नियंत्रणाविषयी आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर विकासास मनाई केली आहे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ चे कलम २४ प्रवाहात प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई करते. परंतु हक्काने केलेल्या पूल, इमारत यांसारख्या काठावरील बांधकामाला त्याच कलमात सूट आहे.

मोठी अडचण लहान कामांची आहे. वीस हजार चौरस मीटरच्या मर्यादेत न येणारा बंगला, शेतघर किंवा डोंगराच्या पायथ्याशी पाडलेले भूखंड यांना गाळाविषयी कोणी विचारत नाही. पण असे दहा भूखंड एकाच ओढ्यावर असले तर त्यांचा गाळ एका मोठ्या प्रकल्पाइतका होतो. सरकारी रस्त्यांच्या कामांत संहिता असते, तरी अंदाजपत्रकात धूप नियंत्रणाची स्वतंत्र बाब नसली तर कंत्राटदाराला त्या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि ते काम होत नाही. ज्या निविदांत चर, भूवस्त्र आणि गवत यांचे मोजमाप व दर वेगळे दिलेले असतात, तेथे निदान देयक मंजूर करताना ते काम झाले की नाही हे अभियंत्याला जागेवर जाऊन पाहावे लागते.